आत घेतलेले फ्रॉक

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून ठेवते, टाचणीबद्दल बोलताना मला तिचं कौतुकही वाटतं आणि तिच्या नावाने कपाळावर हात मारून घ्यावासाही वाटतो. या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगा म्हणाल तर ते मला जमायचं नाही.

माझं सुई-दोऱ्याचं दुकान आहे. रिळं, बटणं, लेस, अस्तर, असलं सगळं. दुकानाच्या बाजूने जिना वर जातो आणि वरच्या खोलीत टाचणी शिवणकाम करते. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून मीच तिचं नाव टाचणी पाडलं, आणि काही विचारलं तर हूं नाहीतर उहूं. मिठाची गुळणी धरलेली बाई तरी कधीतरी थुंकेल, ही नाही. खिडकीपाशी मशीन, भिंतीला लांबलचक टेबल, आणि टेबलाखाली चिंध्यांचं गाठोडं, ज्याला हात लावायची कुणाची छाती नाही. नवरा लवकर गेला. पाठोपाठ धाकटा दीर आणि जाऊही गेली आणि त्यांचा मुलगा हिच्या पदरात पडला. त्या मशीनवर तिने त्याला वाढवला. आता तो गाड्यांच्या गॅरेजात काम करतो, बायको, म्हणजे टाचणीची सून, शाळेच्या ऑफिसात आहे, आणि दोघं गल्लीच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना एक मुलगी. तिचं बारसं कुणी केलं असेल ते असो, खरं नाव माझ्या दुकानात पडलं. काउंटरवर बसवली की बटणांच्या डब्यात हात घालायची, म्हणून मी तिला गुंडी म्हणायला लागले, आणि मग सगळेच म्हणायला लागले.

गुंडी व्हायच्या आधीपासूनच टाचणीने घर भरून टाकलं होतं. झबली, टोपडी, दुपटी, पायमोजे. सुनेला मशीन वाजलेली ऐकूनच हसू यायचं. मी म्हटलं, अगं, एक पोर येतंय की पलटण? तिने टाचण्यांमधूनच हूं केलं. बाप लहान असताना घालायचा त्या सदऱ्याचं कापड जपून ठेवलं होतं, त्याचा एक ससा केला. एक कान जरा लांब झाला, तर तोच मुलीला जास्त आवडला. शिवाय एक गोधडी सुरू केली. गुंडीला जो कपडा लहान होईल त्याचा एक तुकडा त्या गोधडीला जायचा. मुलगी लग्नाची होईल तोवर पलंगभर होईल म्हणाली. एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून मी फार कमी वेळा ऐकलंय.

आता तिची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं. गिऱ्हाइकाला ती टेप लावते. घरच्या माणसाला कधी लावत नाही. घरच्याचं माप हातात असावं लागतं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं तिचं म्हणणं. गुंडीचा नवा फ्रॉक बेतताना ती जुना फ्रॉक मागवून घ्यायची, कापडावर पसरायची आणि चहूबाजूंनी दोन बोटं मोठा कापायची. मूल काय, वाढतंच. दोन बोटं नेमकी बसायची. त्या घरात बाजारचा कपडा कधी आला नाही, आणि घरच्या शिवणीला नंबर नसतो. अमुक वर्षांच्या मुलीचा, अशी पट्टी तिच्या कपड्यांच्या मानेला नव्हती. त्यात आम्हाला मोठेपणाच वाटायचा.

पहिली दोन वर्षं गोधडीला तुकडे भराभर आले. तिसऱ्या वर्षी यायचे थांबले. टाचणी दोऱ्याला आली की विचारायची, सूनबाई इकडून गेली का, पिशवी होती का हातात. पिशवी नसायची. सून म्हणायची, काकू, तुमची शिवण म्हणजे शिवण, मागच्या वर्षीचे कपडे अजून अंगावर बसतात. टाचणी खूश व्हायची. मीही म्हटलं, धंदा बुडवशील अशाने.

गुंडी तेव्हा माझ्या पायरीवर येऊन बसायची. इतर पोरं गल्लीत धुमाकूळ घालायची, ही बसून बघायची. किती शहाणी मुलगी, सगळे म्हणायचे. आईलाही तसं म्हणून घ्यायला आवडायचं, कारण एरवी जो तो तिला, पोरगी खात नाही का, एवढंच विचारायचा. लसी देऊन झाल्या होत्या, दवाखान्याचं तोंड बघायचं कारण नव्हतं. खोकला यायचा, तर तो कुणाच्या पोराला येत नाही? औषधाची बाटली आणायची, संपवायची. टाचणीकडे वर जाताना गुंडी जिन्याच्या मध्यावर बसायची आणि मग पुन्हा चढायची. तिला जिना मोजता येतो म्हणून ती थांबते, असं आम्ही समजत होतो.

मग एका मामीने शहरातल्या मोठ्या दुकानातून फ्रॉक आणला. मानेला पट्टी, वय चार. गुंडीला चार व्हायला थोडेच दिवस होते. घातला तर पोर त्यात हरवली. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घसरत होता. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामी ओशाळली, म्हणाली, या कंपन्या काहीही कापतात. सगळ्यात जास्त खूश टाचणी. तिने तो फ्रॉक घडी घालून कपाटात ठेवायला लावला, तिरक्या टिपा दाखवून दाखवून.

थंडीचा फ्रॉक तिने नेहमीच्या रीतीने बेतला. मागच्या थंडीचा पसरला, दोन बोटं मोठा कापला, कॉलरला माझ्याकडची मऊ लेस लावली. तो परत आला. सून म्हणाली, छान झालाय, फक्त जरा ढगळ आहे. टाचणीचा चेहरा पडला. तिच्या हातून ढगळ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून खून पडल्यासारखं. तिने टिपा उसवल्या, बाजूंनी आत घेतला, खांदे आत घेतले, खालून दुमडून आखूड केला, असा की उसवल्याची खूणही दिसू नये. पैसे-बिसे तर नाहीतच, उलट सुनेची माफी मागितली. मग विजार परत आली. मग पोलकं. प्रत्येक वेळी टाचणी म्हणायची, माझीच चूक, आणि आत घ्यायची. पुढे तर सुनेने आणायचीही वाट बघेना. मुलगी वर आली की कपडा हाताने चाचपून बघायची आणि तिथेच उतरवून आत घ्यायची.

तिने बाहेरची कामं सोडली. हात गेला म्हणाली. खिडकीशी बसून स्वतःची बोटं बघायची. मला ते बघवेना. मी म्हटलं, हात कशाला जातोय, डोळे गेले असतील, वय काय कमी झालं तुझं? आणि तिला ओढतच चष्मेवाल्याकडे नेली. त्याने तिला काचेमागे बसवलं, अक्षरं वाचायला लावली, भिंगं बदलली, आणि शेवटी म्हणाला की आहे तो चष्मा बरोबर आहे, नजर अजिबात बदललेली नाही, उगाच खर्च करू नका. सुईत दोरा ओवून दाखवा म्हणाला. तिने एका झटक्यात ओवला.

बाहेर आल्यावर मी तिच्या पाठीत धपाटा घातला. म्हटलं, घे, आता रड थांबव. ती रस्त्याच्या कडेला उभीच राहिली. तोंडात टाचणी नव्हती तरी बोलेना. मग म्हणाली, "म्हणजे मी दोन बोटं बरोबरच कापत होते."

मला अजून काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, तेच तर सांगतेय, आनंद मान. ती चालायला लागली, आणि इतक्या भराभर की माझी दमछाक झाली.

वर गेल्यावर तिने टेबल रिकामं केलं. मागच्या थंडीचा फ्रॉक माप म्हणून आलेला तिच्याकडेच राहिला होता. यंदाचा, आत घेतलेला, कालच बटण लावायला आला होता. जुना खाली पसरला, नवा वर ठेवला, शिवणीला शिवण लावली. लांबी सारखी. बाजूंनी नवा लहान. खांद्याला नवा लहान. खालचा जुना फ्रॉक दोन्हीकडून बाहेर डोकावत होता. मी हाताने नवा ताणून बघितला, मूर्खासारखा, जणू ताणल्याने काही फरक पडणार होता. टाचणी खुर्चीत बसली आणि म्हणाली, पोर वर्षभर वाढली नाही, उलट झिजली, आणि मी ते शिवून झाकत बसले.

मी म्हटलं, उद्या सांगू, नीट विचार करून सांगू. सुनेचा स्वभाव मला माहीत होता. मुलीच्या अंगाबद्दल कुणी ब्र काढला की ती महिनामहिना त्या माणसाशी बोलत नसे, आणि काकूंनी कधीच ब्र काढला नव्हता म्हणून काकू तिच्या लाडक्या होत्या. ते एक घर सोडलं तर टाचणीला जगात कोण आहे? पण तिने दोन्ही फ्रॉक काखेत मारले आणि निघाली. मी दुकान तसंच उघडं टाकून मागे गेले.

पुतण्या नुकताच कामावरून आला होता, हातांचं ग्रीस पुसत होता. गुंडी जमिनीवर सशाला निजवत होती. टाचणीने फ्रॉक पलंगावर एकावर एक ठेवले आणि जे होतं ते सांगितलं. आडपडदा नाही, गोडवा नाही. सुनेचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ती म्हणाली, "कापताना तुमचा हात चुकतो, आणि नावं माझ्या मुलीला ठेवता?"

"चुकला असता तर बरं झालं असतं गं," टाचणी म्हणाली.

मग पुतण्या उठला. त्याने गुंडीला उचलून पलंगावर उभं केलं, तिचा कपडा काढला आणि मागच्या थंडीचा फ्रॉक तिच्या डोक्यातून घातला. मागची बटणं त्याने लावली. सगळी लागली, आणि पाठीवर कापड मोकळंच राहिलं. त्याने त्या मोकळ्या कापडात आपला हात घातला. हात आत मावला. गुंडीला गुदगुल्या झाल्या, ती हसली आणि हसता हसता दमून त्याच्या खांद्यावर टेकली. तिचे ओठ मी त्या वेळी पहिल्यांदा नीट बघितले. ते गुलाबी नव्हते.

मुलांच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीला ठोके ऐकायची नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. हृदयाला जन्मापासून भोक आहे, तिथून रक्त भलतीकडे जातंय, आणि आता फुप्फुसांवर ताण आलाय. शस्त्रक्रिया करावी लागेल. वर्षभरापूर्वी आणली असतीत तर सोपी होती, आता सोपी नाही, पण करावीच लागेल. हे सगळं त्या शांतपणे बोलल्या, ओरडल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मग त्यांनी आईला विचारलं, कपडे सैल होत गेले असतील, ते लक्षात नाही आलं का? टाचणी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "तिच्या अंगावर कपडे कधी सैल दिसलेच नाहीत. मी आत घेत होते."

सून त्यानंतर तिच्याशी बोलली नाही. दोष दिला नाही, भांडली नाही, फक्त बोलली नाही. पुतण्या मधल्यामध्ये कासावीस. मी वर जाऊन टाचणीला चार घास खायला लावायचे, शिव्या घालून. मशीनवर तिने चादर टाकली होती. मी म्हटलं, तू मुद्दाम केलंस का? ती म्हणाली, नाही, जीव लावून केलं. मला तिचा संताप आला आणि तिच्याइतकीच मीही रडले.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला आणि गुंडीला दवाखान्यात ठेवून घेतलं. आदल्या दिवशी दुपारी सून जिना चढून वर आली. मी तिथेच होते. तिच्या हातात कापड होतं, पिवळं, बारीक फुलांचं, नवंकोरं. ती उभ्यानेच बोलली. दवाखान्यातून घरी येताना घालायला एक फ्रॉक हवाय, पुढून पूर्ण उघडणारा, छातीवर घासता कामा नये, हात वर करायला लागू नयेत. माझ्याकडून तिने चपटी बटणं घेतली, सगळ्यात मऊ.

टाचणीने मशीनवरची चादर काढली. टेबल पुसलं. मग खुंटीवरचा टेप घेतला, जो तिने त्या घरच्या माणसाला कधी लावला नव्हता, आणि म्हणाली, मी दवाखान्यात येते, एकदा माप घेऊ दे, या वेळी अंदाजाने नको.

सून म्हणाली, "आताच्या मापाचा नकोच मला, काकू. पुढच्या वर्षी होईल असा शिवा."

एवढं बोलून ती खाली उतरली, तिला परत दवाखान्यात जायचं होतं. टाचणीने पिवळं कापड टेबलावर पसरलं आणि हाताने सुरकुत्या काढल्या. वाढीसाठी कडेला दोन बोटं ठेवली. मग तीन ठेवली. मग पूर्ण पंजा पसरून ठेवला आणि उचलला. कात्री हातात घेऊन ती कितीतरी वेळ तशीच उभी होती.