फेकलेली एअरबॅग

आमच्या मेकॅनिकचं गॅरेज वरसाव्याच्या जरा अलीकडे होतं. गिऱ्हाईकाच्या गाडीत बसण्याआधी तो चपला बाहेर काढायचा, ऑइलने काळे झालेले पाय चिंधीने पुसायचा आणि मगच आत शिरायचा. काहीही सांगा, उत्तर ठरलेलं, "करतोय ना साहेब, टेन्शन कशाला घेता?"

एकदा इंद्रलोक नाक्याजवळ बायको गाडी चालवत होती. पुढच्या रिक्षाला जरासा धक्का लागला, तर एअरबॅग फाटून फुटली आणि आतल्या पत्र्याचा तुकडा हिच्या डाव्या डोळ्यात गेला. मी हॉस्पिटलमधूनच त्याला फोन केला, "गाडी घेऊन जा, सगळं साफ कर. ती पिशवी फेकून दे, हिला परत दिसायला नको." त्याने रक्ताचा एक डाग ठेवला नाही.

नुकसानभरपाईसाठी ग्राहक मंचात गेलो, तेव्हा कंपनीच्या वकिलाने पहिलं तेच विचारलं, "एअरबॅग कुठाय?"

साक्षीला मेकॅनिक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. चपला दाराबाहेर काढल्या होत्या. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मीच फेकली. साहेबांना विचारलं पण नाही."

मी उठून बोलायला हवं होतं. बसून राहिलो. केस हरलो.

अजून रस्त्यात दिसला की तो हात वर करतो, "बरंय ना साहेब?" तो पुढे गेला की ही काळा चष्मा सारखा करत म्हणते, "माणूस चांगला आहे हो, पण तेवढी अक्कल नव्हती त्याला."

मी मान हलवतो.