चार पंप आणि मचूळ पाणी

मंगळवारी सकाळी माझी पत्नी आमच्या इमारतीच्या जिन्यात खाली बसली. शेजाऱ्यांनी आणि मी तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात कामाला होतो. वसई पूर्वेला, जिथे प्लास्टिकचे डबे आणि झाकणं होतात. ती देखभाल विभागाची प्रमुख आणि मी त्याच विभागात कामांचं वेळापत्रक लावणारा. म्हणजे ऑफिसात ती माझी साहेब. आमच्या फिटरमामांना याची फार गंमत वाटायची. ते मिठागराकडच्या गावचे, निवृत्तीला आलेले. ती वसईतल्याच सांडोरची, म्हणजे त्यांच्या भागातली लेक, म्हणून मामा मला जावई म्हणत. "जावई, साहेबांनी चहाची सुटी दिली का?" असं सगळ्यांसमोर विचारत. ती कागदातून मान वर न काढता म्हणायची, "त्यांना पाच मिनिटं दिलीत. तुम्हाला तीन."

आमच्या कंपनीचे चार गावांत चार कारखाने आहेत आणि यंत्रांची सगळी नोंद एकाच सॉफ्टवेअरमध्ये असते. त्यात एक सामायिक लायब्ररी आहे. कुठल्या यंत्राचं काय तपासायचं, किती दिवसांनी आणि कोणी, हे तिथे एकदाच लिहून ठेवतात. त्याला स्ट्रॅटेजी म्हणतात. ती चारही कारखान्यांतल्या तशा यंत्रांना जोडली की कामं आपोआप ठरलेल्या दिवशी यादीत येतात. मला ही व्यवस्था पहिल्यापासून आवडली. एकाने नीट लिहावं आणि बाकीच्यांनी त्यावरून काम करावं, यात मला पुस्तकासारखं काही वाटायचं.

लायब्ररीत साचे गार ठेवणाऱ्या पंपांसाठी लिहिलं होतं: सहा महिन्यांनी उघडणे. तिला ते पटलं नाही. आमच्या बोअरचं पाणी मचूळ आहे. तिच्या माहेरच्या केळीच्या वाडीत विहिरीचं पाणी असंच मचूळ होत गेलं, तेव्हा तिचे वडील दर पंधरवड्याला पंप उघडून प्यायच्या पाण्याने धूत. केळी गेली, पण तो पंप त्यांच्यामागेही चालत राहिला. तिने आमच्या चार पंपांसाठी वेगळी स्ट्रॅटेजी लिहिली. पाच आठवड्यांनी उघडणे, गोड्या पाण्याने धुणे, सील पाहणे. बाकी लायब्ररी इंग्रजीत होती. तिने मराठीत लिहिलं, कारण वाचणार मामा होते. शेवटची ओळ अशी होती: "धुतल्यावर आतून बोट फिरवावे. बोट चिकट लागले तर पुन्हा धुवावे."

मी म्हणालो होतो, "हे जरा घरगुती वाटतं."

"तुला कुठे पंप धुवायचाय? तू तुझे स्वल्पविराम बघ," ती म्हणाली. मी दोन स्वल्पविराम घातले. त्या मजकुरात माझं तेवढंच.

प्रत्येक स्ट्रॅटेजीला एक मालक असावा लागतो. म्हणजे तिच्याबद्दल उत्तर देणारा माणूस. त्या रकान्यात तिचं नाव होतं.

तेराव्यानंतर मी कामावर गेलो. तिच्या टेबलावरचा चष्म्याचा डबा कोणीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. दोन दिवसांनी कार्मिक विभागातली मुलगी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, मॅडमचं लॉगिन बंद करावं लागेल. तुम्ही फॉर्म भराल, की मी भरू?"

मी भरतो म्हणालो. त्या फॉर्ममध्ये एक ओळ होती: यांच्या नावावरील नोंदींचा नवा मालक. तिथे माझं नाव घालायचा अधिकार मला होता. मी पहिलं अक्षर टाइप केलं आणि पुसलं. माझं नाव आलं की तिचं जाणार होतं. मला वाटलं, एवढं एक ठिकाण राहू दे. मी रकाना तसाच सोडला आणि फॉर्म पाठवला.

दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर तिचं नाव तरीही गेलं होतं. त्या जागी काहीच नव्हतं. वर पिवळी पट्टी आली होती. तीन महिन्यांत मालक नेमला नाही, तर पंप मूळ स्ट्रॅटेजीला परत जोडले जातील. आणि लॉगिन बंद झाल्यावर मालक नेमायचा तर मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते.

मी अर्ज केला. तिकडून लायब्ररी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन आला. माणूस सभ्य होता.

"सर, मॅडमबद्दल ऐकून वाईट वाटलं. पण सगळ्यांचं सहा महिने आणि तुमचंच पाच आठवडे, याला कारण दाखवावं लागेल. आधीचे बिघाड किती झालेत?"

मी पंपांचा इतिहास उघडला. तिने स्ट्रॅटेजी लावल्यापासून चारही पंपांपुढे बिघाडाची एकही नोंद नव्हती.

"एकही नाही," मी म्हणालो.

"मग झालंच ना सर. बिघडतच नाहीत, तर इतक्यांदा उघडायचे कशाला?"

उत्तर मला माहीत होतं. ते इतकं सोपं होतं की मामांनी एका वाक्यात दिलं असतं. मी म्हणालो, "ते धुतात म्हणून बिघडत नाहीत." तो म्हणाला, "असं आपण म्हणतो सर, पण डेटा काय सांगतो?" मी म्हणालो, लिहून पाठवतो. मी आयुष्यभर असंच लिहून देत आलोय. बोलायचं काम तिचं होतं.

मी लिहून पाठवलं. पाण्याचा तपासणी अहवाल जोडला. तिच्या वडिलांच्या पंपाबद्दलही लिहिलं होतं, ते पाठवण्याआधी काढून टाकलं. उत्तर आलं की हा विषय लायब्ररी समितीच्या पुढच्या बैठकीत घेऊ. ती बैठक पिवळ्या पट्टीतल्या तारखेनंतर होती. मी तारखेकडे लक्ष वेधलं. त्यावर पोच आली.

ठरल्या दिवशी चारही पंप सहा महिन्यांवर गेले. आमच्या बाजूने कोणी काही केलं नाही, कोणाला बटणही दाबावं लागलं नाही.

सोमवारी मामा आले आणि यादीचा कागद माझ्या हातात दिला. "जावई, आज पंप नाय यादीत?"

"नाहीत, मामा."

"पानी गोड झालं का बोअरचं?"

मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, "कागद नको. मी असाच धुतो."

ते शक्य नव्हतं. यादीत काम नसेल, तर पंप बंद करायची परवानगी मिळत नाही. पूर्वी एकदा मामांनी पंप न सांगता उघडला, तेव्हा दुसऱ्याने तो चालू केला आणि मामांचं बोट थोडक्यात वाचलं. त्यानंतर हा नियम घातला होता, तिनेच. मामा तो नियम विसरले नव्हते. बोट वाचलेला तोच हात पुढे करून त्यांनी माझ्याकडून कागद परत घेतला आणि गेले.

मी पंप धुण्याचं एक कार्यपत्रक हाताने काढूनही पाहिलं. उत्पादन विभागाने विचारलं, हे वेळापत्रकातलं आहे का. नव्हतं. त्यांनी ते परत पाठवलं.

पुढे महिना-दीड महिना मी रोज सकाळी पंपांकडे एक फेरी मारायचो. मला त्यातलं कळत नाही. आवाज कालच्यासारखा आहे का, एवढंच ऐकायचो. एके दिवशी दोन नंबरच्या पंपाखाली ओल दिसली. मामा वाकून बघून म्हणाले, "सील गेलं. पानी सुटलंय." त्यांनी ओलं बोट अंगठ्यावर घासलं आणि माझ्यासमोर धरलं. "चिकट," ते म्हणाले. दुपारपर्यंत पंप बंद पडला आणि त्याच्यावरचे साचे थांबले. कोणाला इजा झाली नाही.

बिघाडाचा फॉर्म मी भरला. इतक्या वर्षांत त्या पंपांपुढची पहिली नोंद माझ्या हातची. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: मचूळ पाणी, न धुतल्यामुळे. सॉफ्टवेअरने ते घेतलं नाही, तिथे कारणं यादीतूनच निवडायची असतात. मी "झीज" निवडलं.

दुसऱ्याच दिवशी अधिकाऱ्याचा फोन आला. "आता होईल सर. आता कारण आहे." त्याला बरं वाटलं होतं. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. मी फॉर्ममध्ये रिकामी सोडलेली ओळ आठवत होतो.

समितीने दहा आठवडे मंजूर केले. मजकूर इंग्रजीत मागितला, तो मी करून दिला. बोट फिरवण्याची ओळ मोजता येत नाही म्हणून त्यांनी काढली. मालकाच्या रकान्यात या वेळी मी माझं नाव लगेच घातलं.

पंप आता दहा आठवड्यांनी उघडतात. मामा निवृत्त झाले. नवीन फिटर इंग्रजी वाचतो आणि लिहिलंय तेवढं नीट करतो. बोटाचं मी त्याला सांगितलंय. तिची जुनी स्ट्रॅटेजी संग्रहात आहे. ती उघडते, वाचता येते, बदलता येत नाही. तिचा मालकाचा रकाना रिकामा आहे.