एक छेद पंचवीस

माझ्या भावाला धंद्यात सगळे 'पन्नास' म्हणतात. वय नाही हो, वय बेचाळीसच. तो लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो, आणि नवा कुणी कॅमेरावाला भेटला की पहिलं ज्ञान हेच पाजळणार: "सेकंदाला पंचवीस फ्रेम, तर शटर एक छेद पन्नास. दुप्पट. बाकी सगळं झूठ!" मग समोरच्याला ऐकायचं असो नसो, स्वतःचा हात हवेत हलवून समजावत बसणार. सेकंदाला पंचवीस चित्रं निघतात, त्यातल्या प्रत्येकासाठी कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा राहणार ते शटरवर. अगदी क्षणभर उघडला तर हलतं बोटही कोरल्यासारखं स्पष्ट येतं, पण चित्र काळवंडतं आणि माणसं झटक्याझटक्यानं हलल्यासारखी दिसतात. जास्त वेळ उघडा ठेवला तर उजेड भरपूर, पण हलणाऱ्या हाताचा नुसता फराटा. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

कामात मात्र त्याचा हात कुणी धरणार नाही. चेहरे असे मऊ, उजळ टिपतो की ज्यांना आरशातही बघवत नाही ती माणसं स्वतःचा व्हिडिओ चार-चारदा बघतात. आणि तितकाच डोक्यात जातो. घरातला साधा वाढदिवस असला तरी आधी अर्धा तास पडदे सारणार, मग दिवे हलवणार, तोवर केक खाऊन पोरं पळालेली असतात.

आमची आई जन्मापासून बहिरी, त्यामुळे बोलतही नसे. शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. वडील लवकर गेले, आणि आम्हा तिघा भावंडांना तिनं एकटीनं वाढवलं. आमच्याशी ती बोटांनी बोले. शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा नव्हे. निम्म्या खुणा तिच्या, निम्म्या आमच्या. बाहेरच्याला त्यातलं काडीचं कळत नसे. तोंडात घास असतानाही भांडता यायचं, हा मोठाच फायदा. चिडली की तिची बोटं इतकी भराभर चालायची की आम्ही हात जोडायचो, "आई, जरा हळू ओरड!"

धाकटी बहीण चार वर्षांपूर्वी घर सोडून गेली. तिनं निवडलेला मुलगा आईला पसंत नव्हता. आई दारात उभी राहून तिला नको नको ते बोलली, आणि धाकटीनं सरळ मान फिरवली. बहिऱ्या आईशी भांडताना मान फिरवायची म्हणजे तिचं तोंडच बंद करायचं. आमच्या घरात यापेक्षा मोठा अपमान नव्हता. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. मी फोनवर धाकटीचा चेहरा दाखवायला गेले तर आई फोन उलटा ठेवायची. दोघी सारख्याच, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं.

मग आई आजारी पडली. दोन वर्षं अंथरुणात काढल्यावर डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितले. धाकटीला तिसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं. त्या दुपारी आईनं भावाला जवळ बोलावलं आणि सांगितलं, धाकटीशी बोलायचंय, ती येईपर्यंत मी राहीन की नाही कुणास ठाऊक, तुझ्या मोठ्या कॅमेऱ्यानं घे. मला म्हणाली, तू बाहेर जा, हे तिचं आहे. मला राग आला, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं तिची उस्तवार केली मी, आणि शेवटचे शब्द धाकटीला! धाडकन दार लावून स्वयंपाकघरात जाऊन बसले. दार आपटलेलं तिला ऐकू येणार नव्हतं, तरी आपटलं.

खोलीत अंधार होता. उजेडानं आईचे डोळे दुखायचे, म्हणून पडदे ओढलेले आणि दिवा लावायची सोय नाही. कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद वाढवली की चित्रात दाणे उठतात, आणि आईच्या चेहऱ्यावर दाणे त्याला नको होते. म्हणून पन्नासानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. शटर एक छेद पंचवीसवर आणलं, म्हणजे डोळा दुप्पट वेळ उघडा. खोली उजळली. साडेतीन मिनिटं आई बोलली. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. म्हणाला, "ताई, काय सुंदर दिसतेय गं आई!"

आई दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

धाकटी आली, रडली, सगळं आटोपलं. मग आम्ही तिघं आईच्या रिकाम्या खाटेवर बसलो आणि त्यानं व्हिडिओ लावला. चेहरा खरंच सुंदर आला होता. कपाळावरची आठी, ओठांची थरथर, सगळं. पण हातांच्या जागी नुसता फराटा. आई चिडलेली होती की गहिवरलेली, देव जाणे, पण बोटं तिच्या जुन्याच वेगानं चालली होती. धाकटीनं चित्र थांबवलं, मागे नेलं, एकेक फ्रेम पुढे सरकवली. प्रत्येक फ्रेममध्ये बोटं एकमेकांत मिसळलेली. 'माफ' म्हणाली की 'कधीच नाही', आमच्या खुणांत फरक फक्त एका बोटाचा.

"मोबाईलवर घेतलं असतंस तरी चाललं असतं रे मेल्या!" मी ओरडले.

धाकटी ओरडली नाही. हळूच म्हणाली, "दादा, जाऊ दे व्हिडिओ. तू तर समोर होतास ना? तूच सांग, काय म्हणाली?"

मी त्याच्याकडे डोळे वटारले. सांग ना काहीतरी! माफ केलं म्हण, आशीर्वाद दिला म्हण, कोण तपासायला येणार आहे? पण हा गाढव खोटं बोलायला शिकलाच नाही.

"मी फोकस बघत होतो," तो म्हणाला. "चेहऱ्याचा. हातांकडे माझं लक्षच नव्हतं."

धाकटीनं मान फिरवली नाही. त्याच्याकडे बघतच राहिली, आणि मला वाटलं, त्यापेक्षा फिरवली असती तर बरं झालं असतं.

व्हिडिओ तसाच चालू होता. शेवटाकडे आईचे हात मांडीवर पडले. ती दमली होती. मग तिनं कॅमेऱ्याच्या वर, भावाकडे पाहिलं आणि सावकाश, अगदी सावकाश हात उचलून विचारलं. साडेतीन मिनिटांत तेवढंच एक वाक्य स्वच्छ उमटलंय, आम्ही तिघांनीही वाचलं: "नीट आलं ना रे सगळं?"

आणि कॅमेऱ्यामागून भावाचा हात पुढे आला, अंगठा वर करून. आई समाधानानं हसली आणि तिनं डोळे मिटले.