आईच्या वर्तुळावरचं प्रश्नचिन्ह

मॅडमनी फळ्यावर माझ्या आईचं वर्तुळ काढलं. शेजारी बाबांचा चौकोन. आनुवंशिकतेच्या तक्त्यात बाई म्हणजे वर्तुळ, पुरुष म्हणजे चौकोन. दोघांच्या खाली मी. मग खडू पुन्हा वर गेला आणि आईच्या वर्तुळावर प्रश्नचिन्ह उमटलं.

"माँ-बाप दोनों की आँखें काली," मॅडम वर्गाला म्हणाल्या. "लड़की की कंजी. कहाँ से आईं?"

"पड़ोस से, मैडम!" मागच्या बाकावरून एकजण ओरडला.

वर्ग हसला. मॅडमही हसल्या, ओठ मिटून. मग मराठीत, फक्त मला कळावं म्हणून, "घरी आईला विचार हं."

ग्वाल्हेरच्या त्या कॉलेजात, बी.एस्सी.च्या त्या वर्गात मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच. मॅडमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर दक्षिणेतून आले, दरबारात कारभारी झाले. माझे त्याच फौजेमागून आले, घोड्यांची लीद काढायला. आम्ही महार.

याच कंज्या, म्हणजे घाऱ्या डोळ्यांमुळे मी आधी मॅडमची लाडकी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी हनुवटी उचलली होती. "अगं, तू तर आपल्यातली! हे डोळे कोकणातले." माझं आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. हळदीकुंकवाला बोलावलं. डब्यातली पुरणपोळी दिली. डोळे बघूनच त्यांनी माझी जात ठरवून टाकली होती. जीवशास्त्राच्या प्राध्यापक.

एप्रिलमध्ये मी वर्गात लाडू वाटले.

"कसले गं? सत्यनारायण होता?"

"नाही मॅडम. चौदा एप्रिलचे."

त्यांचा हात तिथेच थांबला. लाडू टेबलावर राहिला. तास संपल्यावर शिपायाने उचलला. पुढच्या आठवड्यात वंशावळीचं प्रात्यक्षिक आलं आणि उदाहरण म्हणून त्यांनी मला निवडलं.

मी उभी राहिले. धडा मला पाठ होता.

"मैडम, अप्रभावी जीन माँ और बाप दोनों से आता है. पीढ़ियों तक छिपा रहता है. काली आँखों वालों के घर कंजी आँखों वाली बेटी हो सकती है. आपने ही पढ़ाया है."

"हो सकती है," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मैं पूछ रही हूँ, तुम्हारे यहाँ आया कहाँ से?"

तुम्हारे यहाँ.

तेव्हा मला कळलं. मॅडमना विज्ञान येत होतं. माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. त्यांच्या हिशेबाने हे डोळे त्यांच्या मालकीचे होते. माझ्या चेहऱ्यावर दिसले, म्हणजे चोरीचे. कितीही बरोबर उत्तर दिलं असतं तरी ते उपयोगाचं नव्हतं. प्रश्नच खोडायचा होता.

मी फळ्यापाशी गेले. मराठीत म्हणाले, "मॅडम, तुमच्या एखाद्या कारभाऱ्याने माझ्या एखाद्या पणजीवर हात टाकला असेल, तर प्रश्नचिन्ह त्याच्या चौकोनावर काढा. माझ्या आईवर नाही."

आणि तळहाताने ते पुसलं.

पुढे काय व्हायचं ते झालं. तक्रार घेऊन गेले, तर प्राचार्य म्हणाले, "बेटा, मज़ाक था. दिल पे मत लो." प्रात्यक्षिकात मी नापास. मॅडमचा निरोप आला, लेखी माफी दे, मग बघू.

बाबा पडाव भागात ई-रिक्षा चालवतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माग की माफी. डिग्री हाती पडू दे, मग लढ. इथे आपली सुनवाई कुठे होते?"

खरं होतं. कुठेच होत नाही.

आई कंपू भागातल्या एका दवाखान्यात आया आहे. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या मॅडमचं काय घेऊन बसलीस? तू जन्मलीस तेव्हा तुझ्या आत्याने हेच विचारलं होतं. भर बाळंतिणीच्या खोलीत."

मी बाबांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

बाबा काही बोलले नाहीत. तेव्हाही बोलले नसणार. आई भांडी घासत राहिली. फळ्यावरचं मी पुसलं होतं. हे वीस वर्षं घरातच होतं, आणि त्याच्याखाली मी जेवत होते, झोपत होते, अभ्यास करत होते.

माफी मी लिहिली नाही. यंदा पुन्हा त्याच वर्गात बसते. मॅडम त्याच. नवी पोरंही मला 'पड़ोसन' म्हणतात, त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय. बहुतेक पुन्हा नापास होईन. न्याय मिळेल असं मला वाटत नाही, कुणाला मिळालेला मी पाहिलेला नाही. तरी बसणार. पहिल्या बाकावर, मान वर करून.

आणि दिवाळीला आत्या येणार आहे. ती दारात आली की आधी आईची माफी मागेल, मग चप्पल काढेल. बाबांना हे सांगून ठेवलंय. मध्ये पडलात तर तुम्हालाही मागावी लागेल, असंही.