भिंतीवर काहीच न टांगणारं गाव

अकोल्याहून निघताना डिकीत दोन वस्तू होत्या. लेकीच्या खोलीसाठी भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ आणि लेकीला परत आणण्यासाठी रिकामी सूटकेस. दोन्ही माझ्या बायकोनं, लतानं ठेवलेल्या. दोन्ही एकाच डिकीत कशा, हे विचारायची माझी टाप नाही.

पल्लवी, आमची धाकटी, वणीकडच्या एका कोळसा खाणीत डंपर चालवते. "आयटीआय शिकवली थे का कोयसा वाहाले?" हे लताचं पालुपद वाटभर चाललं.

कारंज्यावरून यवतमाळ जवळ पडतं, पण मेहुणीकडच्या कुरडया घ्यायला अमरावतीचा वळसा घेतला. धामणगाव रेल्वेला तर्री घातलेला आलुबोंडा मिळाला म्हणून त्या वळशाला माफी. दोघांचं पोट शंभराच्या आत भरतं. वणीच्या अलीकडे कोळशाचे ट्रक सुरू झाले की काचा वर करा आणि ओव्हरटेकची घाई करू नका. तिथले कडुनिंबसुद्धा काळपट दिसतात.

गाव अगदी खाणीच्या काठाला. पल्लवीची भाड्याची खोली लहान, पण लख्ख. लतानं पाणीही न पिता घड्याळ काढलं अन् मला हुकूम सोडला, "खिया ठोका." मी खिळ्यासाठी भिंती पाहू लागलो. कॅलेंडर नाही, फोटो नाही, आरसासुद्धा पलंगावर आडवा.

घरमालकीण वेणूबाई दारातून हसल्या. "भाऊ, इथं भितीले काई टांगत नाई जी. दुपारी पाहा."

दुपारी चहा आला आणि खाणीचा भोंगा वाजला. "बाबा, कप हातात घ्या, ब्लास्टिंग हाय," पल्लवी म्हणाली. सगळ्यांनी कप उचलले. धाडकन आवाज झाला, भांडी खणखणली, आढ्यातून माती पडली. बाप रे! वेणूबाईंनी मात्र बशीत ओतून निवांत फुर्र केलं.

"हे काय जगणं हाय? सूटकेस भर!" लता उसळली.

"मी नाई येत, आई. मले हे काम आवडते. रागावशीन तं रागाव."

मला धास्तीही वाटली आणि पोरीचा अभिमानही. पण तोंड उघडलं असतं तर दोघींकडून बोलणी खाल्ली असती, म्हणून हातातला चहा संपवला.

मुक्काम वणीत केला, साध्या लॉजची खोली हजाराच्या आत मिळते. सकाळी निरोपाला गेलो तर पल्लवी हेल्मेट घेऊन ड्युटीला निघालेली. लतानं रुसून घड्याळ परत डिकीत टाकलं आणि गाडीत बसली.

वेशीपाशी मात्र म्हणाली, "थांबवा." उतरली, घड्याळ उचललं अन् ताडताड मागे गेली. मी मागोमाग. पल्लवी कुलूपच लावत होती. लतानं ते उघडायला लावलं आणि घड्याळ पलंगावर, भिंतीला टेकवून उभं केलं. "इथं ठेव. पडलं तं गादीवर पडन." मग मायलेकी गळ्यात पडून रडल्या. मीही रडलो, लपवायचं काय त्यात?

घरी आल्यावर रिकामी सूटकेस माळ्यावर गेली. गाडी दोनदा धुतली, तरी दाराच्या फटीत बोट फिरवलं की काळं होतं. मित्र विचारतात, तिकडं पाहण्यासारखं काय? मी म्हणतो, आलुबोंडा.

काल दुपारी चहा घेताना लतानं कप टीपॉयवरून उचलला आणि न पिता नुसता धरून बसली. आमच्या घरात चमचाही हलत नव्हता.

"काहून धरून बसली वं?"

"तिकडं भोंगा झाला असन आता," ती म्हणाली. "तुमीबी उचला ना."

मी उचलला.