कोर्ट उठेपर्यंत

तारखेच्या दिवशी झुंबरबाई हिलाल पाटील आमच्या चोपड्याच्या कोर्टाच्या पायरीवर सकाळी नऊलाच येऊन बसत. कोर्टाची दारे उघडतात दहाला. पण त्यांच्या गावाहून येणारी पहिली एसटी पावणेनऊला पोचते आणि दुसरी थेट दुपारी. वय सत्तरीच्या पुढे, लुगडे स्वच्छ, पिशवीत पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी.

शिपाई बन्सीलाल कुलूप काढता काढता म्हणे, "अक्का, चोरांना आणायला पोलीस धाडावे लागतात, आणि तू माझ्याआधी हजर! साहेबांना सांगून तुलाच चावी देऊन टाकतो."

"घरमा कोन शे मना, भाऊ?" त्या म्हणत.

त्यांच्यावर खटला होता परक्या शेतात बेकायदा शिरल्याचा. जुन्या कायद्यातले कलम ४४७, शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने. मी कोर्टातला कारकून; माझ्या टेबलावरून असे खटले शेकड्याने गेले. बांधाचे, वाटेचे, गुरे घातल्याचे. फिर्यादीचा राग दोन-तीन तारखांत ओसरतो, लोकअदालतीत दोघे सही करतात आणि बाहेरच्या टपरीवर शेजारी शेजारी चहा पितात. झुंबरबाईंचे कुणाशी भांडणच नव्हते. म्हणूनच तो खटला मिटायला जड गेला.

शेत एके काळी त्यांचेच होते. त्यातली विहीर हिलालभाऊंनी दोन उन्हाळे खपून स्वतः खोदली, मुरमाच्या टोपल्या झुंबरबाईंनी वर ओढल्या. हिलालभाऊ गेले. एकुलती मुलगी दिपमाला सुरतला. कसायला कुणी नाही, म्हणून शेत इथल्या गौतमचंद शेठना विकले. खरेदीखतावर त्यांचा अंगठा घेताना शेठ म्हणाले, "अक्का, विहीर तुमचीच समजा." खरेदीखतात ते वाक्य आले नाही, पण शेठनी ते मरेपर्यंत पाळले. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झुंबरबाई त्या विहिरीवर जात, नवी घागर भरून घरी आणत, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवून हिलालभाऊंना नावाने जेवायला बोलावत.

शेठच्या मागे त्यांचा मुलगा पारस शेत बघू लागला. त्याने केळी लावली. शिवारात कुणीतरी दुसऱ्याची केळीची खोडे कापून टाकल्यावर त्याने तारेचे कुंपण घातले, नवा राखणदार ठेवला. त्या आखाजीला राखणदाराने झुंबरबाईंना अडवले. त्या तारेखालून गेल्या. शेताच्या मॅनेजरने पोलिसांत तक्रार दिली.

पहिल्या वेळी न्यायाधीशांनी विचारले, "त्रास देण्याच्या इराद्याने शिरलात, हे कबूल आहे?"

"पानी लेवाले गयथू, साहेब. तरास कसाले देऊ?"

नाकबूल, असे नोंदले गेले. कायद्याने मिळालेल्या मोफत वकील नूतनताई पाटणकर यांनी त्यांना बाहेर आल्यावर बजावले, "खटला संपेपर्यंत त्या शेतात पाय ठेवू नका. जामीन जाईल."

पुढची आखाजी आली आणि गेली. नंतरच्या तारखेला बन्सीलालने थट्टेने विचारले, "काय अक्का, हिलालभाऊ जेवून गेले का?"

"घागर भरी, भाऊ. नळनं पानी. पन त्यासले बलावाले मनं तोंड व्हयनं नही."

बन्सीलालने दार उघडून त्यांना पंख्याखाली बसवले.

मार्चच्या लोकअदालतीला पारस स्वतः आला. झुंबरबाईंना वाकून नमस्कार करून म्हणाला, "आजी, माझा तुमच्यावर राग नाही. पण एकाला सोडलं की उद्या दहा जण शिरतील. असं करू, दर आखाजीला माझा माणूस त्याच विहिरीचं पाणी तुमच्या दारात आणून देईल."

सगळ्यांना ते पटले. मलाही. मी तडजोडीचा कागद लिहिला, पारसने सही केली. झुंबरबाईंच्या अंगठ्याला शाई लागली होती, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "वाची दाखव, भाऊ."

मी वाचले. "यापुढे सदर शेतात प्रवेश करणार नाही" इथे त्यांनी मला थांबवले.

"हाई वाक्य काढी टाक."

"आजी, मुद्दा तर तोच आहे," पारस म्हणाला.

"तुना मानूसनी पानी आनं, ते तुना मानूसनीच बलावं त्यासले. मी कोठे बलावं?"

झुंबरबाईंनी अंगठा पदराच्या टोकाला पुसला आणि त्या गेल्या.

एप्रिलच्या तारखेला नूतनताई त्यांना समजावत होत्या, "अक्का, आपण जिंकू. त्रासाचा इरादा त्यांना दाखवता येणार नाही."

"कव्हय?"

"वर्ष तरी लागेल."

"आखाजी पंधरा दिनवर शे. शिक्षा भोगी ते खटला सरस का?"

"संपतो. पण पुन्हा गेलात तर पुन्हा गुन्हा."

"मंग पुन्हा येसू."

न्यायाधीशांनी इराद्याचा तोच प्रश्न पुन्हा विचारला. झुंबरबाई म्हणाल्या, "त्यासले तरास व्हयना व्हई, ते हो."

साहेबांनी कबुली लिहून घेतली. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसभर तिथेच बसायचे. झुंबरबाई मागच्या बाकावर बसल्या. दुपारी सगळे जेवायला गेले तरी हलल्या नाहीत, भाकरीचे फडकेही सोडले नाही. संध्याकाळी साहेब उठले तेव्हा बन्सीलालने जाऊन सांगितले, "सुटलीस, अक्का."

यंदा आखाजी तीस एप्रिलला होती. एक तारखेची सुट्टी. दोन मे रोजी सकाळी आलो, तर झुंबरबाई पायरीवर. त्या दिवसाच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. नवा गुन्हा असेल म्हणून मी पोलिसांचे कागद दोनदा पाहिले. काहीच नव्हते. राखणदाराने पाहिले नाही, की पारसनेच पाहू नको म्हणून सांगितले, मला माहीत नाही.

"गयथू मी," त्या म्हणाल्या. "लिखी ल्या."

"अक्का, तक्रारच नाही. तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. घरी जा."

"पन मी गयथू ना?"

बन्सीलाल पुढे झाला. "जेवले का मग हिलालभाऊ?"

"पोटभर," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन मागच्या बाकावर बसल्या.

नूतनताईंनी शेजारी बसून समजावले. मग त्यांच्या दुसऱ्या एका अशिलाचा पुकारा झाला आणि त्या उठून गेल्या. दिवसभर माणसे आली, गेली. झुंबरबाईंना कुणी काही विचारले नाही. साहेबांना सांगावे असे माझ्या दोनदा मनात आले, पण कोणत्या कागदावर सांगणार?

संध्याकाळी साहेब उठून आत गेले. बन्सीलाल एकेक पंखा बंद करत मागच्या बाकापाशी आला.

"उठनं का कोर्ट?" झुंबरबाईंनी विचारले.

"उठलं, अक्का."

त्यांनी पिशवी उचलली, समोरच्या रिकाम्या खुर्चीला हात जोडले आणि सहाची एसटी गाठायला निघाल्या.