रोझारियोबाईंचा विग

प्रेमा सावंत साकीनाक्याला राहायची आणि अंधेरीच्या एका स्टुडिओत नट्यांचे केस करायची. गिरणीच्या संपात वडिलांचं काम गेल्यापासून घर तिच्यावरच चालत होतं. शहाऐंशी साली एका हिंदी सिनेमात छोटंसं काम करायला मेक्सिकोहून रोझारियोबाई आल्या. तरुणपणी त्या तिकडच्या मोठ्या नायिका होत्या, असं सगळे सांगत.

पहिल्याच दिवशी प्रेमाने त्यांचा विग उतरवला आणि तिच्या हातातून कंगवा गळून पडला. बाईंच्या कानामागची सगळी कातडी भाजून आक्रसली होती.

बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "आगीचा सीन होता. मी खरंच जळत होते, ओरडत होते. त्यांना वाटलं, काय झकास अभिनय करते! कॅमेरा चालूच ठेवला."

"आणि तो शॉट?"

"सिनेमात आहे. लोक टाळ्या वाजवायचे."

"टाळ्या?" प्रेमाने विचारलं.

त्याच आठवड्यात सेटवर झोपडी पेटवायची होती. आत विमला नावाची नवखी पोरगी बसणार होती, आणि आसपास पाण्याची एक बादलीही नव्हती. मशाल पेटली तशी प्रेमा धावत झोपडीत शिरली आणि विमलाला बिलगून बसली.

"ए बाई, बाहेर हो! शॉटची वाट लावतेस काय?" दिग्दर्शक ओरडला.

"आधी पाणी आणा, ओली घोंगडी आणा. मग होते."

तो शिव्या देत राहिला, पण ती हलली नाही. शेवटी पाण्याचा टँकर आला तेव्हाच ती उठली. मग झोपडी पेटवून शॉट झाला आणि विमला धडधाकट बाहेर आली. त्या सिनेमाच्या कंपनीने प्रेमाला पुन्हा बोलावलं नाही.